गोळी चालू आहे, मग हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझं वय ३८. दोन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन १०.१ आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या मी न चुकता घेतेय, पालेभाज्या पण खाते, तरी परवा परत चेक केलं तर १०.३! जिना चढला की दम लागतो, संध्याकाळी तर कुणाशी बोलावंसं पण वाटत नाही. सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेते म्हणजे विसरत नाही, आणि दोन्ही वेळा जेवण झालं की चहा लागतोच. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, शेवटी शेवटी तुम्ही चहाचं जे सहज लिहून गेलात ना, गोम तिथेच दिसतेय मला. चहातली टॅनिन्स लोहाला चिकटतात आणि मग बरंचसं लोह रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. कॉफीचंही तेच. त्यात पालेभाज्या-डाळींमधलं लोह मुळातच मांसाहारातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, आणि त्यावर लगेच चहा, म्हणजे राहिलंसाहिलंही गेलं.

चहा सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त वेळ बदला. जेवणानंतर निदान तासभर थांबा. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, तिच्या आगेमागे दोन तास चहा, कॉफी, दूध नको. मळमळलं तर थोडं खाऊन घेतली तरी चालेल. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. आणि जेवताना लिंबू पिळत जा, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं, पण पिळायचं ताटात, कारण शिजवताना ते बरंच कमी होतं. गोळीने शौचाला काळपट होतं, त्याला घाबरून बऱ्याच जणी गोळीच बंद करतात, तसं करू नका.

पण सगळं चहावरच ढकलू नका हं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते डॉक्टरांना नक्की सांगा, आणि फेरीटिन तपासायचं का तेही विचारा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, त्यामुळे हा थकवा खरा आहे, आळस नाही, घरच्यांनाही हे वाचून दाखवा. १२ झालं की लगेच गोळी थांबवू नका, साठा भरायला साधारण तीन महिने आणखी लागतात. महिन्याभराने परत तपासा. मात्र बसल्या जागी दम लागला किंवा छातीत दुखलं तर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.