नव्या देशात अबोल झालेली आई

"आई आमच्याकडे परदेशात राहायला आली आणि गप्पच झाली. या वयात नवी भाषा येतच नाही का, की हा स्मृतिभ्रंश आहे?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तो घेऊन आलेल्या एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

आई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. पहिल्या भेटीत मी मराठीतच विचारले, तरी "झोप कशी लागते?" या प्रश्नाला मुलानेच "छान लागते" असे उत्तर दिले. दुसऱ्या भेटीत त्या एकट्या होत्या. झोप रोज पहाटेच मोडते, कारण लघवीला वारंवार उठावे लागते, हे त्यांनी खालमानेने सांगितले आणि म्हणाल्या, "हे मुलाच्या तोंडून डॉक्टरांना कसे सांगू?" मुलाची माया खरी होती, पण दुभाषा म्हणून तो सतत मध्ये उभा राहिल्याने आईचे खासगी दुखणे कोणापर्यंतच पोहोचत नव्हते. दवाखान्यात भेटीची वेळ घेतानाच प्रशिक्षित दुभाषा मागावा, असे मी सुचवले.

त्यांची स्मरणशक्ती मातृभाषेत तपासून घेतली, कारण परक्या भाषेतील चाचणीत भाषेची अडचणच विस्मरणासारखी दिसू शकते. त्यात चिंतेचे काही आढळले नाही. श्रवणतपासणीत मात्र दोष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढील २५ टक्क्यांहून अधिक लोकांची श्रवणहानी दैनंदिन व्यवहारात अडथळा ठरण्याइतकी असते. उतारवयात बहुधा उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक, तीव्र स्वराचे ध्वनी आधी निसटतात आणि त्यांच्याबरोबर 'स', 'फ' यांसारखी व्यंजनेही. मातृभाषेत ती गाळलेली जागा संदर्भाने भरून काढता येते, पण अर्धवट येणाऱ्या भाषेत, त्यातही गलका असेल तर, सारे वाक्यच हातचे जाते. त्यातून आलेला अबोला बाहेरून पाहणाऱ्याला हट्ट वाटतो, याचे मला फार वाईट वाटते.

वयानुसार शब्द आठवायला वेळ लागतो, शिकण्याची क्षमता मात्र संपत नाही. तरीही भाषा आल्यावरच माणसांत जावे, हा क्रम मला मान्य नाही. श्रवणयंत्र बसल्यावर त्यांनी वाचनालयात पुस्तके लावण्याचे स्वयंसेवी काम धरले, कारण तेथे शांतता होती, हाताला काम होते आणि नेमकी तीच ती वाक्ये रोज कानावर पडत होती. घोळक्यातले बोलणे त्यांना आजही समजत नाही. मात्र एखाद्या दिवशी त्या गेल्या नाहीत, तर तेथील सहकारी आता मुलाला नव्हे, थेट त्यांनाच फोन करतात.