गिअर लिव्हर छोटा करायचाय? आधी ढिलाई काढा

वाहन-दुरुस्तीच्या या सदरात यंदा खानदेशातून आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आला : मॅन्युअल गिअरचा लिव्हर कमी हलावा आणि गिअर पटकन पडावा, यासाठी काय बसवावे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पोलो जीटी टीडीआय, 2014 चे मॉडेल. कन्नड घाट चढताना दुसऱ्यावरून तिसऱ्यात जायला लिव्हर फार लांब न्यावा लागतो. गिअरमध्ये असतानाही तो डावी-उजवीकडे डुलतो. शॉर्ट शिफ्टर किट (लिव्हरचा प्रवास कमी करणारे सुटे भाग) बसवले तर दोन्ही त्रास जातील का? (जळगाव)

लिव्हरचा प्रवास लांब असणे ही त्याची रचना आहे, डुलणे ही झीज आहे. किटने प्रवास कमी होतो, झीज मात्र तशीच राहते आणि उलट जास्त जाणवते.

आधी हिशेब समजून घ्या. लिव्हर एका गोळ्यावर टेकून फिरतो. समजा टेकूच्या वरचा भाग 240 मिमी आणि खालचा 60 मिमी आहे, म्हणजे प्रमाण 4 ला 1. खालचे टोक 25 मिमी सरकायला हवे असेल तर नॉब (वरची मूठ) 100 मिमी न्यावा लागतो. खालचा भाग 75 मिमी केला की नॉबचा प्रवास 80 मिमीवर येतो, पण हाताला जोर सव्वापट लागतो. प्रवास जितका कमी, तितका जोर जास्त. यातून कोणतेही किट सुटत नाही. म्हणून 20 ते 25 टक्के घट रोजच्या वापराला ठीक. 40 टक्क्यांच्या जाहिरातीला भुलू नका, बाजाराच्या गर्दीत मनगट दुखेल.

तुमच्या गाडीत गिअर केबलवर चालतात : एक केबल पुढे-मागे, दुसरी डावी-उजवी. अशा गाड्यांच्या बऱ्याच किटमध्ये लिव्हरला हात लावत नाहीत, गिअरबॉक्सवरची आर्म (केबल जिला जोडलेली असते ती दांडी) बदलतात. नव्या आर्मची त्रिज्या कमी असल्याने केबल तेवढीच ओढली तरी गिअर बदलणारा शाफ्ट जास्त फिरतो.

कामाचा क्रम असा ठेवा. बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह तार काढा. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा बाजूला घेतला की खाली दोन्ही केबलची टोके दिसतील. जोडीदाराला आत बसवून लिव्हर हलवायला सांगा. केबल हलते पण आर्म उशिरा हलते, तिथला बुश (सांध्यातली रबरी किंवा प्लास्टिकची कडी) गेला समजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिनच्या खोलीतले रबर कडक होऊन चिरते आणि काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये बसून प्लास्टिक घासते. डावी-उजवी हालचाल देणाऱ्या रिले लिव्हरवरचा छोटा प्लास्टिकचा सरकता तुकडाही बघा. तुमचा लिव्हर आडवा डुलतो, म्हणजे पहिला संशय त्याच्यावरच.

मूळ सुटा भाग मिळत नसेल तर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून बुश करून घेता येतो. माल मात्र डेल्रिनचा (एक कठीण, गुळगुळीत प्लास्टिक) सांगा. साधे नायलॉन ओलावा शोषून फुगते आणि पावसाळ्यात घट्ट होते. पितळी बुश टिकतो, पण डिझेल इंजिनची सगळी थरथर हातात येते.

बुश बदलल्यावर केबलची जुळवणी करावीच लागते. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये. दोन्ही केबलच्या टोकावरची स्प्रिंगची कॉलर पुढे ढकलून पिळली की ती तशीच अडकते. मग गिअरबॉक्सचा सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून शेजारची वाकडी कडी फिरवा, शाफ्ट जागेवर लॉक होतो. आत गिअरचे लेदर कव्हर वर करून लिव्हरच्या बुडाशी असलेल्या भोकातून 4.5 मिमीचा ड्रिल बिट सरळ आत घाला, म्हणजे लिव्हरही लॉक. आता कॉलर सोडा, केबल आपोआप योग्य लांबीवर बसेल. ड्रिल बिट आणि कडी काढून, इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि रिव्हर्ससह सगळे गिअर टाकून बघा. एखादा अर्धवट पडत असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

एवढे केल्यावर आठवडाभर गाडी चालवा. पुष्कळांना किटची गरज उरत नाही. तरीही घ्यायचेच ठरले, तर जुनी आर्म काढण्याआधी तिच्या आणि शाफ्टच्या दात्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करा. एक दाता चुकला तरी जुळवणी बिघडते. नव्या आर्मला दोन-तीन भोके असतील तर मधल्यापासून सुरुवात करा. आणि आर्मवरचे लोखंडी वजन फेकू नका. वजनाच्या जडत्वाने गिअर शेवटच्या टप्प्यात सहज आत ओढला जातो. ते काढले की गिअर खडबडीत लागतो.

अजून एक जागा तपासा : इंजिनचे खालचे माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार. ते ढिले असेल तर पेडल दाबता-सोडताना इंजिन झुलते आणि केबलवर ताण येऊन लिव्हर पुढे-मागे हलताना दिसतो.

प्रश्न : मूळचा अमळनेरचा, सध्या इंग्लंडमध्ये. 2001 ची माझदा एमएक्स-5, 1.6, पाच गिअर. लिव्हरपाशी गरम हवा लागते, गिअरचा आवाज आत येतो, थंडीत लिव्हर जड जातो. शॉर्ट शिफ्टर घेऊ का?

या गाडीत केबल नाही, लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या टरेटमध्ये, म्हणजे छोट्या उंच घरात, बसतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे फाटलेल्या रबरी बूटची (लिव्हरच्या बुडाभोवतीच्या आवरणाची) आहेत. त्या टरेटमध्ये गिअरबॉक्सपेक्षा वेगळे, स्वतःचे तेल असते. गिअर ऑइल बदलताना ते तसेच राहते आणि वर्षानुवर्षे कोणी बघत नाही.

न्यूट्रलमध्ये ठेवून नॉब आणि मधला कन्सोल काढा. वरचा बूट चार बोल्टवर आहे, त्याखाली लिव्हरची पट्टी तीन बोल्टवर. लिव्हर सरळ वर उचला. खालच्या गोळ्यावरची नायलॉनची टोपी कधी कधी आतच राहते, ती शोधून काढा. जुने तेल सिरिंजने ओढा आणि 75डब्ल्यू-90 दर्जाचे सुमारे 80 मिली नवे भरा. नवी टोपी, दोन्ही नवे बूट, गोळ्याला ग्रीस. लिव्हर बाहेर असताना धूळ किंवा वॉशर आत पडू देऊ नका. आत पडलेला तुकडा काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागू शकतो.

शॉर्ट शिफ्टर घ्यायचा असेल तर हीच वेळ, कारण काम तेच आहे. बसवल्यावर बोल्ट पूर्ण कसण्याआधी सगळे गिअर टाकून बघा. लांब झालेले खालचे टोक आत कुठे टेकले तर गिअर पूर्ण बसत नाही आणि चालत्या गाडीत सुटतो.

प्रश्न : स्टीलचा अर्धा किलोचा नॉब लावला तर गिअर हलका पडतो, हे खरे का? (धुळे)

बऱ्याच अंशी खरे. हलत्या वजनाचा रेटा सिंक्रोचा (गिअर पडण्याआधी दोन गती जुळवणाऱ्या रचनेचा) अडथळा पार करायला मदत करतो. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो नॉब पकडून दाखवा! डेल्रिनचा किंवा आत वजन आणि वर लेदर असलेला घ्या. आटे आधी विचारा : होंडाला बहुधा एम10 × 1.5, माझदाला एम10 × 1.25, टोयोटाला एम12 × 1.25. फोक्सवॅगन-स्कोडाच्या पुष्कळ गाड्यांत आटेच नसतात, नॉब क्लिपने दाबून बसवलेला असतो. तिथे अडॅप्टर लागतो आणि तो सैल बसला तर नॉब हातात येतो.

प्रश्न : शॉर्ट शिफ्टर बसवल्यापासून दुसरा गिअर कर्रकर्र करतो. किट खराब आहे का? (भुसावळ)

बहुधा नाही. सिंक्रोच्या पितळी रिंगला दोन गतींचा मेळ घालायला ठराविक क्षण लागतो. छोटा लिव्हर हाताला घाई शिकवतो आणि दुसऱ्या गिअरची रिंग सहसा आधी झिजलेली असते. तेलही तपासा. कंपनीने जीएल-4 दर्जाचे गिअर ऑइल सांगितले असताना जीएल-5 भरले असेल तर त्यातली गंधकयुक्त रसायने पितळाला त्रास देतात आणि रिंगची पकडही घटते.

क्लच पूर्ण सुटतो का, हेही बघा. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही कर्रकर्र झाले तर दोष क्लचमध्ये : हायड्रॉलिकमध्ये (क्लच चालवणाऱ्या तेलात) हवा किंवा ते तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर गळका. गिअरबॉक्स उघडायच्या गोष्टी त्यानंतर.

प्रश्न : किट महाग आहे. लिव्हर वरून दोन इंच कापून वेल्डिंग केले तर? (नंदुरबार)

प्रवास कमी होतो, हे खरे. वरच्या उदाहरणात 240 चे 190 मिमी केले की नॉब साधारण 79 मिमीच हलेल. पण रिव्हर्ससाठी नॉबखालची कॉलर वर ओढावी लागते अशा गाडीत लिव्हर पोकळ असतो आणि आतून तार किंवा सळई जाते; तिथे कापणे विसरा. भरीव लिव्हरवरही वेल्डिंग करायचे असेल तर तो गाडीतून काढूनच करा. जागेवर केले तर खालची प्लास्टिकची बैठक वितळते आणि करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून जाऊ शकतो. वरचे आटे कापले गेले तर लेथवर नवे पाडून घ्या, नॉब वेल्ड करू नका. पुढे कधी लेदर कव्हर किंवा बूट बदलायचा झाला तर तो वरून निघणार नाही.