फौजेतल्या मित्रावर वरिष्ठाने लैंगिक अत्याचार केला. तो म्हणतो, पुरुषाला कायदाच नाही. खरंय का? तक्रार करावी की नोकरी सोडावी?

तुमचा मित्र म्हणतो ते अर्धं खरं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम ६३ फक्त बाईवर झालेल्या अत्याचारापुरतं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) मधला जबरदस्तीचा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतरही शिल्लक होता, नव्या संहितेत तोही गाळला. पण फौजीला आर्मी अ‍ॅक्ट आहे. त्यातलं कलम ४६ क्रूर, अश्लील, अनैसर्गिक वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगतं, आणि सोसणारा बाई की पुरुष हे विचारत नाही. ते वापरायला गेलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

मी नर्सिंग असिस्टंट होतो. आमच्या एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, एक पोरगा सारखा सिक रिपोर्टला (आजारी म्हणून तपासणीला) यायचा. कधी पाठ, कधी पोट. तपासणीत काही निघायचं नाही. सगळे म्हणायचे, कामचोर. पण कामचोर माणूस रात्री दोन ते चारची संत्री ड्यूटी मागून घेत नाही, आणि हा घ्यायचा, दुसऱ्याच्या वाट्याचीसुद्धा. बॅरेकमध्ये झोपायचं नव्हतं त्याला. एकदा डॉक्टरसाहेबांनी कोचवर आडवं व्हायला सांगितलं, तर गडी दोन्ही हातांनी पट्ट्याचं बक्कल धरून भिंतीला चिकटला. साहेब दोन पावलं मागे सरले, दार उघडं ठेवलं आणि म्हणाले, ‘बेटा, बूट भी मत उतार. बैठ जा.’ मग बोलला.

करणारा हवालदार. सुट्टीची यादी त्याच्या हातात, आणि पोराच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. चौकशीत याला विचारलं, ‘चिल्लाया क्यों नहीं?’ म्हणाला, हातपाय हलेचनात. यात खोटं काही नाही. भीतीने शरीर गोठतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. चौकशी करणाऱ्यांना बहुधा नसतं. साहेबांनी लेखी रिपोर्ट दिला होता, तरी कोर्ट मार्शल झालं नाही. हवालदाराची बदली झाली. पोराला मात्र लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, एक नाव पडलं, ते मी इथे लिहिणार नाही. पंधरा वर्षं भरायच्या आत त्याने डिस्चार्ज मागून घेतला, म्हणजे पेन्शनही गेली.

हे मी घरी एकदाच बोललो. आमचे भावजी सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. म्हणाले, ‘फौजी गड्यावर कोण जबरदस्ती करणार? हातात रायफल होती ना?’ भरल्या पंगतीत हशा पिकला. तेव्हापासून आमचं फारसं जमत नाही. भावजी, रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा असते, हे तुम्हाला मी सांगायचं? आणि वरिष्ठावर हात उचलला तर आर्मी अ‍ॅक्टचं कलम ४० आहे, दहा वर्षांपर्यंत कैद, तो ड्यूटीवर असेल तर चौदापर्यंत. हवालदारही त्या कलमात वरिष्ठच. म्हणजे मारलं तर तुरुंग, नाही मारलं तर ‘गडीच नाही’. मग त्या पोराने करायचं काय होतं?

आणि हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ सालासाठी असे सुमारे २६,००० पीडित सैनिक असल्याचा अंदाज काढला होता. त्यात निम्म्याहून जास्त पुरुष होते. प्रमाण काढलं तर बायकांनाच धोका जास्त, फौजेत मुळात पुरुष जास्त म्हणून आकडा तसा दिसतो. पण ‘पुरुषांवर होतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

आता तक्रारीचं. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २७ खाली जवानाला कंपनी कमांडरकडे गाऱ्हाणं मांडता येतं. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल, तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तोंडी नको, लेखी द्या आणि प्रत जवळ ठेवा. त्यातल्याच कलम १२२ प्रमाणे कोर्ट मार्शलला साधारण तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे ‘बघू पुढे’ करत बसू नका. घटना जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं ३७७ अजून लागू होतं. अगदी ताजी असेल तर आधी दवाखाना: एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

नोकरी सोडायची की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या. तुम्ही फक्त ‘प्रतिकार का नाही केलास’ हे विचारू नका, ते विचारायला माझे भावजी आहेत.

सगळ्या पलटणी अशाच असतात असं माझं म्हणणं नाही. ते डॉक्टरसाहेबही फौजेतलेच होते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आणि मी वकील नाही, तेव्हा अर्ज लिहिण्याआधी लष्करी खटले चालवणारा वकील गाठा. त्यांच्यात निवृत्त अधिकारीही असतात, त्यांना हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.