‘महारोगी’ म्हटल्याने काय बिघडतं?

प्रश्न : शेजारच्या काकांना कुष्ठरोग झाल्याचं कळलं. गावात सगळे त्यांना ‘महारोगी’ म्हणतात. शब्दच तो, त्याने खरंच काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि तो थेट हातापायांवर दिसतो. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आला की दुखत नाही, खाजत नाही. त्यात ‘महारोगी’ म्हणवून घ्यायची धास्ती असली, की माणूस तो सदऱ्याखाली झाकतो. तोवर मज्जातंतू निकामी होत जातात. चुलीचा चटका कळत नाही, जखम चिघळते, बोटं वाकतात. मग लोक वाकडी बोटं दाखवून म्हणतात, ‘बघा, महारोग!’ उशीर कशामुळे झाला, हे कोणी विचारत नाही.

औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती झपाट्याने संपते, त्यामुळे वेगळं ताट, वेगळी खाट यांची गरज नाही.

शब्दाचा कायदाही होतो. १८९८च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’नुसार (‘लेपर’ म्हणजे महारोगीच) निराधार रुग्णांना डांबून ठेवता येई; तो २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण तर २०१९पर्यंत कायद्यात होतं.

काकांना ‘काका’च म्हणा. आजाराचा उल्लेख लागलाच तर ‘त्यांना कुष्ठरोग झालाय’, आणि औषधं पूर्ण झाल्यावर ‘झाला होता’. ‘रक्तपित्या’ तर चेष्टेतही नको.