चिपळूण की रत्नागिरी: तुलनेआधी भाजक तपास

विकास आराखड्यासाठी दोन शहरांच्या सुरक्षिततेची तुलना करायला घेतली आहेस, तर आधी भाजक बघ, म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्याला ज्या लोकसंख्येने भागायचं ती. एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) महानगरांची आकडेवारी 20 लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर त्यात बसत नाही. म्हणजे आकडे पोलीस ठाण्यातूनच काढायचे, आणि ठाण्याची हद्द नगरपरिषदेच्या हद्दीशी जुळते का तेही तपासायचं.

2011 च्या जनगणनेत चिपळूण जेमतेम 55 हजारांचं. वर्षात एक खून झाला तर लाखामागे दर 1.8, दोन झाले की 3.6. लगेच कोणीतरी ‘गुन्हेगारी दुप्पट’ म्हणून ओरडणार. लहान शहराला पाच वर्षांची सरासरीच लाव. त्यात गणपतीत चाकरमानी आले की गावातली माणसं जनगणनेइतकी राहतात थोडीच! मुंबई-गोवा महामार्गावरचे मृत्यू शहराच्या खात्यात धरायचे की नाही, तेही आधी ठरव आणि दोन्हीकडे तोच नियम ठेव.

तक्रारी वाढल्या म्हणजे शहर बिघडलंच असं नाही. कधी कधी बायका ठाण्याची पायरी चढायला लागल्या, एवढाच अर्थ असतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तो धोका गुन्ह्यांच्या तक्त्यात कुठे दिसणार? पूररेषेच्या आत किती घरं, दवाखाने, वीज उपकेंद्रं आहेत, त्याचा रकाना वेगळा कर. सगळ्याचा मिळून एकच गुण काढणं मला पटत नाही. भारांक, म्हणजे कुठल्या रकान्याला किती वजन द्यायचं ते, जरा हलवले की क्रमांक फिरतो. त्यापेक्षा शेवटच्या एसटीने उतरणाऱ्या बायका कुठला रस्ता टाळतात ते विचार आणि नकाशावर चढव.