वाचकांचे प्रश्न : लॅबमधली स्क्रीन कोण बघतंय?

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये २० विंडोज संगणक आहेत. मुलांच्या स्क्रीनवर लक्ष ठेवायला ‘वेयॉन’ बसवून घेतलं. चाचणी चालू असताना नववीच्या एका मुलाने आपल्या संगणकावरून शेजारच्याची स्क्रीन उघडली. पासवर्ड तर कुणालाच दिलेला नाही. – एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : पासवर्ड नव्हे, की-फाइल तपासा. वेयॉनमध्ये कीची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या फाइलींची, जोडी असते. प्रायव्हेट की (किल्ली) फक्त शिक्षकांच्या संगणकावर, पब्लिक की (तिचं कुलूप) मुलांच्या. बसवणारे घाईत एक संगणक तयार करून त्याचीच इमेज (जशीच्या तशी नक्कल) सगळीकडे चढवतात. मग प्रायव्हेट की आणि ‘वेयॉन मास्टर’ (शिक्षकांनी स्क्रीन बघायचा प्रोग्रॅम) दोन्ही प्रत्येक संगणकावर जातात. त्यात मुलं अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेल्या) खात्यातून लॉगिन करत असतील तर ती की वाचायला काहीच आडकाठी नाही.

जुनी की नुसती पुसू नका, ती कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये गेली असेल ते कळणार नाही. ‘वेयॉन कॉन्फिगरेटर’ या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या ऑथेंटिकेशन कीज या पानावर नवी जोडी करा. तिथून फक्त पब्लिक की एक्सपोर्ट करून मुलांच्या संगणकांवर इम्पोर्ट करा. तिथली जुनी जोडी पूर्ण काढा, मास्टरही काढा. जुनी पब्लिक की राहिली तर जुनी प्रायव्हेट की चालतच राहते, आणि नेमकं हेच विसरलं जातं. मुलांना स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) खातं द्या. अ‍ॅडमिन असलेला मुलगा वेयॉनची सर्व्हिसच बंद करून मोकळा होतो. शेवटी मुलांच्या संगणकांवर विंडोज फायरवॉलमध्ये पोर्ट १११०० (वेयॉनची जोडणी येण्याचा मार्ग) फक्त शिक्षकांच्या संगणकाच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, उघडं ठेवा. त्या संगणकाचा आयपी आधी कायम करून घ्या, नाहीतर राउटर बदलून देईल आणि सोमवारी तुम्हालाच काही दिसणार नाही.

सॉफ्टवेअर विकतचं घेतलं की प्रश्न मिटला, असंही नाही. २०२१ मध्ये मॅकअफी या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘नेटॉप व्हिजन प्रो’ हे असंच स्क्रीनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर तपासलं, तेव्हा मुलांच्या स्क्रीनची चित्रं नेटवर्कवरून एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे कुणालाही वाचता येतील अशी, जात होती.

प्रश्न : मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर चाचणी घेतो. सगळीकडे सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षेत बाकी सगळं बंद ठेवणारा ब्राउझर) टाकलाय, तरी मुलं क्रोममधून पेपर उघडतात. – एक शिक्षक, विटा

उत्तर : ब्राउझर टाकला, पण मूडलला सांगायचं राहिलं. क्विझच्या सेटिंगमध्ये सेफ एक्झाम ब्राउझर सक्तीचा करा (ही सोय मूडल ३.९ पासून आहे) आणि क्विट पासवर्ड (त्यातून बाहेर पडायचा पासवर्ड) ठेवा. मग क्रोममध्ये पेपर उघडत नाही. टेबलाखालचा मोबाइल मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्यासाठी प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न द्या आणि वर्गात फिरा.