होंडा रँचर की पोलारिस स्पोर्ट्समन: अधिक टिकाऊ कोणती?
शेतकामासाठी होंडा रँचर ४२० आणि पोलारिस स्पोर्ट्समन ५७० या दोन एटीव्हींपैकी (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या उघड्या चारचाकी गाड्यांपैकी) अधिक टिकाऊ कोणती, या प्रश्नाला माझे उत्तर रँचर असे आहे. तिच्यात इंजिनाची शक्ती गिअर आणि शाफ्टमधून चाकांपर्यंत जाते, तर स्पोर्ट्समनमध्ये रबरी पट्टा असतो, जो चिखलात जड ट्रॉली ओढताना, विशेषतः लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) न वापरता गाडी रेटली तर, तापून झिजतो आणि पाणी शिरल्यास घसरतो. खडकाळ वाटेवर मात्र स्पोर्ट्समनचे स्वतंत्र मागील सस्पेन्शन (ज्यात मागचे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होते) निश्चितच सुखावह वाटते. जुनी गाडी घेत असाल, तर पुढचे चाक उचलून हाताने हलवून पाहा, कारण बेअरिंग झिजले असल्यास खडखड लगेच जाणवते. आणि एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेला चिखल आढळला, तर ती गाडी मुळीच घेऊ नका.